१४ किमीचा ग्रामीण रस्ता, ४ टप्पे: साइटवरच्या नोंदी

पहिला हंगाम

१८ ऑक्टोबर
आज पूर्ण रस्ता चालत बघितला, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ० पासून १४ किमीपर्यंत, सोबत मुकादम आणि लेव्हलवाला (जमिनीची उंची मोजणारा). गाडीतून फिरलं की फक्त खड्डे दिसतात, चालत गेलं की पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं आणि कुठे रस्ताच ओढा झालाय ते कळतं. पाऊस संपून फार दिवस झालेले नाहीत त्यामुळे खुणा अजून ताज्या आहेत, बांधाला अडकलेला पालापाचोळा, साइडपट्टीला पडलेल्या घळ्या, मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ. महिन्याभरात हे सगळं गवताखाली जाईल म्हणून आजच चेनेजसकट फोटो काढून वहीत लिहून ठेवलं.

सध्याची अवस्था अशी की कागदावर ३.७५ मीटर डांबरी रुंदी आहे पण दोन्ही कडा खाल्ल्यात त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सव्वातीन मीटर पण मिळत नाही, समोरून ट्रॅक्टर आला की एकाला मातीत उतरावं लागतं आणि उतरलेलं चाक परत वर चढताना कडा अजून थोडी तुटते. पहिले ४ किमी मुरमाड जमीन, टणक. ४ ते साडेसात सगळी काळी माती, सखल, मध्ये ओढा आणि तीन मोऱ्या, तिन्ही बुजलेल्या. साडेसात ते ११ चढउतार आणि वळणं. ११ ते १४ वस्ती आणि शाळा.

रुंदी ५.५ मीटर करायची, पाया नवीन, मोऱ्या नवीन. पैसे टप्प्याटप्प्याने येणार आणि एकदम १४ किमी उकरून ठेवला तर लोकांनी जायचं कुठून, म्हणून चार टप्पे.

२१ ऑक्टोबर
टप्प्यांचा क्रम ठरवायला बैठक. सगळ्यांच्या डोक्यात सरळ हिशोब होता, शून्यापासून सुरू करायचं आणि पुढे जात राहायचं. मला तो पटत नाही आणि मी ते बैठकीत स्पष्ट सांगितलं.

खडीची खाण आणि हॉटमिक्स प्लांट (खडी-डांबर गरम मिसळतात तो) दोन्ही शून्याच्या बाजूला आहेत. म्हणजे पहिले ४ किमी आधी चकाचक केले तर नंतरच्या दहा किमीची सगळी खडी, सगळा मुरूम, सगळं डांबर त्याच नव्या रस्त्यावरून भरलेल्या टिप्परने जाणार. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ आशो रोड टेस्ट झाली होती, मुद्दाम बांधलेल्या ट्रॅकवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक फिरवत राहून रस्ता किती खराब होतो ते मोजलं, त्यातून निघालेला ढोबळ नियम अजून वापरतात की नुकसान एक्सलच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. एक्सलवर वजन दुप्पट तर मार १६ पट. म्हणजे गावच्या शेकडो मोटरसायकली आणि जीप मिळून जेवढं करत नाहीत तेवढं एक ओव्हरलोड टिप्पर करतो. दोन वर्षं आपलेच टिप्पर नव्या रस्त्यावर चालवून तो लोकांच्या हवाली करायचा याला काही अर्थ नाही.

म्हणून क्रम असा मांडला: टप्पा १ म्हणजे ४ ते ७.५, सखल काळ्या मातीचा भाग. पावसात रस्ता तुटतो तो इथेच, आणि इथे तुटला की पलीकडचे सगळे अडकतात, पेशंट असो की शाळेची पोरं. टप्पा २ म्हणजे ७.५ ते ११, टप्पा ३ वस्ती आणि शाळेचा भाग, आणि ० ते ४ सगळ्यात शेवटी, तोपर्यंत तो आपला माल वाहून नेण्याचा रस्ता, खड्डे बुजवत चालू ठेवायचा. शेवटचा कार्पेटचा (डांबर मिसळलेल्या खडीचा) थर मात्र कुठल्याच टप्प्यात लगेच टाकायचा नाही, जड वाहतूक संपली की लांबच्या टोकापासून प्लांटकडे येत टाकायचा.

शून्याच्या बाजूचे लोक नाराज झाले, आमचं काम शेवटी का म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीये, त्यांना मोठे खड्डे आधी व्यवस्थित चौकोनी कापून भरून द्यायचं कबूल केलं आणि तेच पहिलं काम म्हणून लिहून घेतलं.

पण या क्रमात एक अट येते, आणि माझ्या मते टप्प्याने केलेल्या कामाची सगळी मदार तिच्यावरच आहे: प्रत्येक टप्पा ज्या अवस्थेत सोडू त्या अवस्थेत त्याला एक अख्खा पावसाळा काढता आला पाहिजे. पुढचा निधी वेळेवर येईल असं धरून काही उघडं सोडायचं नाही.

२९ ऑक्टोबर
मातीची ताकद तपासायला डीसीपी घेऊन टप्पा १ मध्ये फिरलो. साधं यंत्र आहे, ८ किलोचा हातोडा ५७५ मिमी वरून सोडायचा आणि ६० अंशाचा शंकू दर ठोक्याला किती मिमी आत गेला ते मोजायचं. जुन्या डांबराच्या मधोमध ठोके खात होता, कडेच्या मातीत गेल्यावर दोन-तीन ठोक्यांत सळई खाली. चेनेज ५.८ ला तर रीडिंग घेणाऱ्या पोराला वाटलं यंत्र बिघडलं, तिथे शेजारी खड्डा काढून बघितला तर अर्ध्या मीटरवर माती अजून ओली, हातात घेतली तर साबणासारखी.

मातीचे नमुने लॅबला पाठवले, सीबीआर (माती किती भार झेलते त्याची टक्क्यांतली चाचणी) भिजवूनच करायला सांगितलंय, ४ दिवस पाण्यात ठेवून. काळ्या मातीचा कोरडा आकडा बघणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ती उन्हाळ्यात दगडासारखी असते, भेगांत हात जातो, आणि पाणी मिळालं की फुगते आणि ताकद सोडते.

६ नोव्हेंबर
लॅबचा रिपोर्ट आला, भिजवलेला सीबीआर २ च्या आसपास, म्हणजे फारच कमी. अपेक्षितच होतं. डिझाइन त्यावरच करायचं.

टप्प्यांच्या हद्दी आज जागेवर जाऊन ठरवल्या. कागदावर ७.५०० लिहिलंय पण ती जागा नेमकी वळणावर येते आणि वळण संपताच मोरी. नवीन रुंद गुळगुळीत रस्ता संपून अचानक जुना अरुंद रस्ता सुरू होणार, तो वळणावर किंवा उताराच्या तळाशी संपला तर रात्री अनोळखी गाडीवाला सरळ शेतात. शिवाय मोरीवर सांधा आला तर आधीच खचणारी जागा अजून कमजोर होते. हद्द पुढे सरकवून ७.६ ला सरळ भागात घेतली जिथे दोन्ही बाजूंनी लांबून दिसतं, रुंदी कमी होत जाईल तो उतरता भाग पण त्यातच बसवला. बिलाच्या कागदात थोडी खाडाखोड झाली, होऊ दे.

१४ नोव्हेंबर
मोऱ्यांपासून सुरुवात. जुने नळ ६०० मिमीचे, त्यात माणूस शिरत नाही म्हणून ते कधी साफच झालेले नाहीत, सगळ्यांत गाळ आणि मुळ्या. नवीन १००० मिमीचे घेतोय. पाणी वाहून न्यायला कदाचित लहान पण पुरला असता पण मोरी साफ करता आली नाही तर तिचा व्यास कागदावरच राहतो.

५.२ ला खोदाई चालू असताना शेजारच्या रानातल्या आजी आल्या, म्हणाल्या साहेब तुम्ही रस्ता उंच करणार म्हणजे पाणी माझ्याकडेच तुंबणार, आत्ता निदान रस्त्यावरून तरी निघून जातं. मी लेव्हल लावून बघितली. त्यांचं बरोबर होतं. सखल भागात भराव अर्धा मीटर वर जाणार आणि तिथे डिझाइनमध्ये मोरीच नव्हती, कारण नकाशात तिथे ओढा नाही. पण पाणी नकाशा बघून वाहत नाही, मोठ्या पावसात ते रानभर पसरून पलीकडे जातं. आजींनी पाणी कुठवर चढतं ते बाभळीच्या खोडावर हात ठेवून दाखवलं, त्या खुणेची लेव्हल घेतली आणि अजून एक मोरी सुचवून ड्रॉइंग वर पाठवलं. पाणी कुठून जातं हे तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, सर्व्हेच्या फॉर्ममध्ये तो कॉलम असायला हवा.

नळाखालचा बेड आणि दोन्ही अंगांचा भराव यावर मी स्वतः उभा राहिलो. एका बाजूने टिप्पर रिकामा करून ढकलून दिला की नळ सरकतो आणि सांधा उघडतो, दोन्ही बाजूंनी थर सारखे चढले पाहिजेत, पातळ थर, हाताचा रॅमर, आणि वर पुरेसा भराव झाल्याशिवाय मोठा रोलर नळावर नाही.

२५ नोव्हेंबर
शेतकऱ्यांची बैठक घेतली, विषय एकच, पाइपलाइन. विहीर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला असलेले बरेच जण आहेत. आज विचारलं नाही तर नवीन रस्ता झाल्यावर रात्रीतून कुणीतरी चर मारून पाइप टाकणार, वर माती ढकलणार, आणि पहिल्या पावसात तिथून रस्ता बसणार. त्यांना तरी दुसरा पर्याय काय आहे, पीक वाळताना कोण परवानगीची वाट बघेल. म्हणून पाया भरायच्या आधीच आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायचे, दोन्ही तोंडं बंद करून, रस्त्याकडेला खुणेचा दगड. कुणाला कुठे हवाय ते चेनेजनुसार लिहून घेतलं. ग्रामीण रस्त्याच्या प्रत्येक इस्टिमेटमध्ये हे असलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, खर्च किरकोळ आणि रस्ता वाचतो.

९ डिसेंबर
काळ्या मातीला चुना. दोन पर्याय होते, माती खोल काढून मुरूम भरणं किंवा आहे ती माती चुन्याने सुधारणं. मुरूम लांबून आणायचा तर पुन्हा तेच टिप्पर, आणि काढलेली माती टाकायची कुठे हा प्रश्न वेगळा. लॅबमध्ये ३ ते ५ टक्क्यांत ट्रायल घेतल्या, त्यातून ४ ठरला.

पद्धत अशी चाललीय: माती उकरून ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने ढेकळं फोडायची, चुना सारखा पसरायचा, परत रोटाव्हेटर, पाणी, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी त्याच मातीला हात लावला तर विश्वास बसत नाही, काल बोटांना चिकटणारी माती आज रव्यासारखी मोकळी. मग पुन्हा मिसळून, ओलावा तपासून, त्याच दिवशी रोलर. चिकटपणा काही तासांत जातो, खरी ताकद मात्र सावकाश येते, त्यासाठी पुढचे सात दिवस थर ओला ठेवायचा आणि त्यावर गाडी नाही.

चुना पसरणाऱ्या लोकांसाठी गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जवळ धुवायला भरपूर पाणी. वाऱ्यात काम बंद. एकाने गॉगल कपाळावर ठेवला होता, त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं, डोळ्यात चुना गेला तर दृष्टी जाऊ शकते, ही गोष्ट आवाज चढवून सांगितली तरी चालेल पण सांगितली पाहिजे.

२० डिसेंबर
चुन्याचा थर ४.० ते ५.४ पूर्ण. वाळू ओतून डेन्सिटी (थर किती घट्ट दाबला गेलाय ते) बघितली, सगळीकडे पास, फक्त ४.९ ला डाव्या कडेला कमी. रोलर कडेपर्यंत जात नव्हता. तेवढा भाग उकरून परत.

११ जानेवारी
रुंदीकरणाचं काम चालू, आणि आज दिवसभर एकाच गोष्टीवर वाद झाला त्यामुळे सविस्तर लिहितो.

नेहमीची पद्धत अशी असते की जुन्या रस्त्याच्या बाजूला मीटरभर रुंद चर खोदायचा, त्यात जीएसबी (पायातला सगळ्यात खालचा, पाणी निचरणारा थर) आणि खडी भरायची, आणि बाहेरच्या अंगाला साइडपट्टी म्हणून खोदलेलीच माती ढकलून द्यायची. दिसायला छान दिसतं. पण आत काय झालं बघा, एका बाजूला जुन्या रस्त्याचा घट्ट पाया, दुसऱ्या बाजूला आणि खाली चिकण माती, मध्ये पोकळ खडीचा थर. वरून, कडेवरून जे पाणी आत शिरेल ते बाहेर पडायला जागाच नाही. जीएसबीचं निम्मं काम पाणी बाहेर काढणं आहे आणि आपण त्याचा हौद करून ठेवतो. मग पहिल्या वर्षी काही होत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात नेमकी रुंद केलेली पट्टीच बसते, जुन्या आणि नव्याच्या सांध्यावर सरळ लांब भेग पडते आणि लोक म्हणतात डांबर कमी टाकलं.

ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं की साइडपट्टीखाली जीएसबी नेली तर माल वाढतो. वाढतो, खरं आहे. पण तो थर बाहेरच्या उतारापर्यंत, भरावाच्या अंगावर उघडा निघाला पाहिजे, तिथून पाणी टपकताना दिसलं पाहिजे. ड्रॉइंगमध्ये तसंच आहे, मी ड्रॉइंग पुढे ठेवलं. शेवटी ५.६ ते ५.७ मध्ये भरलेली माती काढून थर बाहेर नेला, आणि दोन टँकर पाणी वरून सोडून दाखवलं. थोड्या वेळाने बाहेरच्या उतारावर ओल आली, मग धार लागली. तेव्हापासून त्यांचा रोलर ऑपरेटरच इतरांना सांगतोय की तोंड उघडं ठेवा.

दुसरी गोष्ट, जुन्या रस्त्याची कड उभी कापून नवा थर नुसता चिकटवायचा नाही. तुटलेली कड पूर्ण काढून टाकायची, मग पायऱ्या करत कापायचं, प्रत्येक थर आधीच्या थराच्या थोडा आत जाऊन बसला पाहिजे, म्हणजे सगळे सांधे एकाच उभ्या रेषेत येत नाहीत. आणि हा लांबीचा सांधा शक्यतो चाकाच्या वाटेत नको.

२८ जानेवारी
डब्ल्यूएमएम (पायाचा वरचा, ओल्या खडीचा थर) सुरू. प्लांटमधून पाणी घालून मिसळलेली खडी येते, पण टिप्परला वेळ लागला की वरचा भाग वाळतो आणि बारीक-मोठं वेगळं होतं. असे दोन टिप्पर परत पाठवले. कॅम्बर (मध्यापासून कडांकडचा उतार) २.५ टक्के पाट्याने दर २० मीटरवर तपासतोय, कारण खालच्या थरात कॅम्बर चुकला तर वर डांबराने भरून काढता येत नाही, किंवा काढला तर कुठे जाड कुठे पातळ. रोलिंग कडेकडून मध्याकडे, आणि वळणावर खालच्या अंगाकडून वर.

१६ फेब्रुवारी
आज काम कमी आणि माणसं जास्त सांभाळली. अर्धी रुंदी बंद ठेवून काम करताना लांबी किती बंद ठेवायची हा रोजचा प्रश्न आहे. ठेकेदाराला लांब पट्टा हवा असतो, लोकांना आखूड. मी म्हणतो एका टोकाचा झेंडेवाला दुसऱ्याला दिसला पाहिजे, दिसत नसेल तर पट्टा लांब झाला. रात्री उघड्या खड्ड्यापुढे रिफ्लेक्टरवाले बॅरिकेड, नुसता दगड नाही. धुळीसाठी टँकर सकाळी आणि दुपारी, शेजारच्या पिकावर धूळ बसली की फुलोरा जातो आणि ते नुकसान आपल्या मोजमापाच्या वहीत कुठेच येत नाही. प्रत्येक शेतात उतरायला रॅम्प, आणि रॅम्पखाली पाइप, नाहीतर चर तिथेच बुजतो.

५ मार्च
पाया पूर्ण झालेल्या भागावर प्राइम कोट मारला. आधी हवेच्या झोताने धूळ काढली, हलकं पाणी शिंपडलं, मग इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर). ते खडीत मुरायला वेळ द्यायचा, दुसऱ्या दिवशी बघितलं तर बहुतेक ठिकाणी मस्त आत गेलंय, पृष्ठभाग गडद पण चिकट नाही.

यावर आता कार्पेट नाही, एक पदरी सरफेस ड्रेसिंग (डांबर फवारून त्यावर बारीक खडी दाबायची). यावरून वरच्या ऑफिसातून विचारणा आली की थेट कार्पेट का नाही, दोनदा खर्च कशाला. उत्तर लिहून पाठवलं: पुढच्या दोन टप्प्यांचा सगळा माल याच साडेतीन किमीवरून जाणार आहे, तेव्हा जो काही बारीक बसाव व्हायचाय तो होऊन जाईल, दिसेल, दुरुस्त करता येईल, आणि अंतिम थर त्यावर समतल बसेल. पण तोवर पाया उघडा ठेवला तर पावसात बारीक माल धुऊन जाईल आणि खडी सुटेल. ड्रेसिंग पाणी वरचं वर थांबवतं, पुढे ते कार्पेटखाली तसंच राहतं, वाया जात नाही.

२० मे
पावसाआधीची फेरी. चर सगळे आउटलेटपर्यंत जोडलेत की नाही एवढंच बघितलं. चर खोदलेला असतो पण शेवटी ओढ्यात सोडलेला नसतो, मग तो लांबट तळं होतो. ६.१ ला नेमकं तसंच होतं, तीस मीटर राहिला होता, जेसीबी थांबवून करून घेतला. टप्प्याच्या दोन्ही टोकांना वेग कमी करा आणि रस्ता अरुंद असे बोर्ड लावले. ७.६ च्या सांध्यावर उतरता भाग डांबराने बंद केला, उघडी पायरी सोडली नाही.

२७ जून
जोरदार पाऊस, पहाटेपासून. पाऊस चालू असतानाच जायचं असतं, नंतर गेलं तर फक्त चिखल दिसतो. आजींच्या रानाजवळची मोरी मंजूर होऊन मेमध्ये झाली होती, आज तिच्यातून अर्ध्या उंचीने पाणी वाहत होतं, आणि बाभळीवरच्या खुणेच्या बरंच खाली. मला फार बरं वाटलं.

इतर ठिकाणी साइडपट्टीला डांबराच्या कडेने मातीची बारीक वरंबी राहिलीय, रोलरने बाहेर दाबलेली, तेवढ्याने पाणी कडेने लांबवर वाहत जातं आणि मग एका जागी फुटून घळ पाडतं. फावड्याने वाटा करून दिल्या. साइडपट्टीचा उतार डांबरापेक्षा थोडा जास्तच हवा, समान ठेवला तर गवत उगवलं की तिथेच अडतं.

दुसरा हंगाम

१२ नोव्हेंबर
टप्पा २ सुरू. टप्पा १ मध्ये पावसाने दोन जागा बसल्या, दोन्ही मोरीच्या भरावालगत, एक-दोन सेंमी. रस्ता एक दिवस पण बंद पडला नाही. बसलेल्या जागांना आत्ता हात लावत नाही, जड गाड्या जाऊ देतोय, कार्पेटच्या आधी लेव्हल करू.

७.६ चा सांधा उघडला. मागच्या वर्षी बंद केलेला उतरता भाग पूर्ण कापून काढला, पातळ होत गेलेला थर कधी ठेवायचा नाही, तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. प्रत्येक थर वेगळ्या ठिकाणी उभा कापला, वरचा आधी संपतो, खालचा थोडा पुढे जाऊन.

३ फेब्रुवारी
टप्पा २ चा पाया संपत आला, चढाच्या भागात काळी माती नाही त्यामुळे पटापट. फक्त वरच्या अंगाने झिरपणारं पाणी ९.३ ला मिळालं, तिथे डोंगराकडच्या चराखाली खडीचा खोल निचरा घातला, तळाशी छिद्रांचा पाइप, भोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड).

१७ मार्च
टप्पा ३, शाळा. रस्ता चांगला झाला की गाड्यांचा वेग वाढतो, हे आपण गृहीत धरून काम करायचं असतं, नंतर बोर्ड लावून भागत नाही. शाळेसमोर ५.५ मीटरच्या बाहेर दोन्ही बाजूंना चालायची पट्टी उंच करून, गतिरोधक दोन्हीकडे, त्याआधी रंगाचे पट्टे आणि बोर्ड, आणि गतिरोधकामागे पाणी साचणार नाही अशी कडेला फट. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या की मुलं गेटपेक्षा मागच्या फाटकातून जास्त येतात. दुपारी सुट्टीच्या वेळी जाऊन बघितलं, खरंच, निम्म्याहून जास्त मुलं तिथून बाहेर पडत होती. गतिरोधकाची जागा बदलली.

वस्तीतला गटाराचा प्रश्न वेगळा. तिथे घरांचं सांडपाणी रोज रस्त्याच्या कडेला येतं, म्हणजे बारा महिने ओल. डांबर तिथे टिकणार नाही, तो भाग काँक्रीटचा आणि बंदिस्त गटार. गटाराची पातळी घरांच्या उंबऱ्यांपेक्षा खाली ठेवायला दोन ठिकाणी रस्ता वर न उचलता आहे तो जुना थर काढून खाली घेतला. दर वेळी वर थर चढवत गेलो की घरं खड्ड्यात जातात.

तिसरा हंगाम

८ जानेवारी
० ते ४ चा पाया आणि ड्रेसिंग पूर्ण, माल वाहतूक संपली. पूर्ण १४ किमीवर बेंकेलमन बीम घेतला, भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोड चाकांखाली रस्ता किती दबतो ते मिमीच्या भागात कळतं. काळ्या मातीच्या भागाकडे माझं जास्त लक्ष होतं. ५.८ ला, जिथे डीसीपी सरळ आत गेली होती, तिथलं रीडिंग आजूबाजूच्या बरोबरीचं आलं. जास्त आलं ते ३.१ ला, मुरमाड भागात. खोदून बघितलं तर जुनी गळकी पाण्याची लाइन. लाइन बदलून, ओली माती काढून, पुन्हा भरलं.

२ फेब्रुवारी
कार्पेट सुरू, १४ च्या टोकापासून. काँक्रीटचा भाग सोडून पुढे. टॅक कोट (थर चिकटवणारा इमल्शनचा पातळ हात) तपकिरी आहे तोवर पेव्हर (माल पसरणारं यंत्र) पुढे नाही, तो काळा पडला म्हणजे पाणी सुटलं. सगळ्यात मोठी अडचण अंतराची, प्लांट लांब आहे, सकाळच्या गारठ्यात माल थंड होतो. प्रत्येक टिप्परला ताडपत्री, आणि पोचल्यावर थर्मामीटर मालात खोल घालून रीडिंग. १४० अंश सेल्सियसच्या खाली आला तो टिप्पर परत, यात बोलणी नाहीत. थंड मालावर रोलर कितीही फिरवला तरी पोकळ्या राहतात, आज दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी खडी हातात येते. गरम थरावर रोलर उभा करून ठेवायचा नाही हे पण रोज सांगावं लागतं.

दिवसाच्या शेवटी जो आडवा सांधा येतो तो सरळ उभा कापून, कडेला डांबर लावून दुसऱ्या दिवशी पुढे. पाट्याने बघितला, गाडीत बसून सांधा जाणवत नाही.

२६ फेब्रुवारी
कार्पेट शून्यापर्यंत आलं. टप्पा १ मध्ये मोरीजवळच्या दोन बसलेल्या जागा आधी लेव्हल करून घेतल्या. साइडपट्टीला मुरूम भरायचं चालू, कार्पेटची जाडी वाढली तेवढी कड उघडी पडते, ती ताबडतोब भरली नाही तर मोटरसायकल घसरते आणि कडाही तुटायला लागतात.

१९ मार्च
देखभालीचं रजिस्टर तयार केलं. प्रत्येक मोरी, प्रत्येक आउटलेट, शेतकऱ्यांच्या रिकाम्या पाइपांच्या जागा, ९.३ चा निचरा, जीएसबीची तोंडं, सगळं चेनेजनुसार फोटोसकट. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाखा कार्यालयात, कारण दोष दुरुस्तीचा काळ संपल्यावर आम्ही इथे नसणार आणि नवीन माणसाला गवताखाली काय आहे ते कळायला हवं. मे संपायच्या आत मोऱ्या आणि ६.१ चा चर साफ व्हायला हवा, त्यासाठी गावातल्याच दोन माणसांची नावं पंचायतीने दिलीत. सोमवारी त्यांना सोबत घेऊन ४ ते ७.५ चालत दाखवायचं ठरलंय, पुढच्या आठवड्यात उरलेला भाग.